बाळाची चुळबूळ

दिवस भरण्यापूर्वींच जन्मलेलें मूल जगलें, तरी पुढें शहाणें होईल ना, ही आईची चिंता जुनीच आहे. पूर्वीं डॉक्टर बाळाला हलवून त्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहात, डॉ. हाइंझ प्रेख्ट्ल यांनीं हात न लावतां नुसतें निरखलें. अपेक्षित प्रसूतिदिनानंतर तीन ते पांच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या सर्वांगांत बारीक चुळबूळ चालते. १९९७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह १३० बाळांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चुळबूळ यथास्थित असलेल्या ७० पैकीं ६७ मुलांची मज्जासंस्था पुढें निर्दोष ठरली. ती नसलेल्या किंवा विकृत असलेल्या ६० पैकीं ५७ जणांत दोष आढळला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत अशा हालचालींचा शालेय वयांतील बुद्धीशींहि संबंध नंतरच्या संशोधकांना दिसला. हें भविष्यकथन मात्र नव्हे. मदत लवकर पोंचविण्याची ती हांक आहे.