उंदीर पडले की...

आमच्या आजीचे माहेर हुबळीचे. दारात कानडी आणि चुलीपाशी मराठी, असे ते घर. ‘उंदीर पडले की घर सोडायचं, भांडी मोजत बसायचं नाही,’ असे ती म्हणे. लहानपणी आम्ही ते हसण्यावारी नेत असू. पुढे प्लेगच्या साथीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या वाक्याचे मोल कळले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्याला उचलून नेणे, सामान जाळणे, रेल्वेत प्रवाशांची तपासणी, हे सारे सुरू झाले. पुण्यात तर गोरे शिपाई थेट माजघरापर्यंत शिरले. मग लोकांनी काय केले? रोगी लपवला, मृत्यू लपवला. २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, ती कथा आपण सारे जाणतो.

पण लोकांना उपायच नको होते, असे मात्र नाही. टिळकांनी झडत्यांच्या रीतीवर कोरडे ओढले. त्याच टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची शुश्रूषा करता करताच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या.

आमच्या भागाचा दाखला हुबळीचा. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९८ साली हुबळीत साथ आली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या त्या गावात सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्या देखरेखीखाली तीस हजारांहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली. हे सारे खुशीने झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टोचल्याचा दाखला असला की अडवणुकीतून सूट मिळे, हाही त्यातला भाग होताच. आजीचे वडील त्या रांगेत होते. दंड दोन दिवस ठणकला, अंगात ताप भरला. ‘भीती वाटली नाही का?’ असे आजीने त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, ‘वाटली की. पण शेजारचे थोरले काका आधी जाऊन आले आणि ओट्यावर बसलेले दिसले.’

माळावर झोपड्या घालून राहणे हाही लोकांच्या अंगवळणी पडलेला उपाय होता. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. पिसू हे कारण लोकांना ठाऊक नव्हते. उंदीर पडले की घरात मरण येते, एवढे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जे पटले, ते त्यांनी शिपायावाचून केले.

हे सगळे वाचलेला मी, २०२० साली कोरोनाच्या काळात कसा वागलो? सव्वाशे वर्षांपूर्वीचा तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला होता. दारावर कागद चिकटेल, गल्ली तोंड फिरवील, या धास्तीने मी चार दिवस ताप लपवला. घरातल्या दोघांना माझ्यामुळे लागण झाली. सुदैवाने सारे निभावले. पण पुण्यातल्या ज्या माणसांनी रोगी लपवला, त्यांना अडाणी म्हणण्याचा माझा अधिकार त्या चार दिवसांत संपला.

रोगापेक्षा बेअब्रूची भीती मोठी झाली, की शिकलेला माणूसही दार लावून घेतो. ते दार हुकमाने उघडत नाही. ओट्यावर बसलेले एखादे थोरले काका लागतात. पुढच्या साथीत ते होण्याची पाळी आपल्यापैकी कुणावर तरी येणार आहे.