लाकोटा आणि डाकोटा : आप्तभूमीचा न घेतलेला मोबदला

अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांत राहणारे लाकोटा आणि डाकोटा हे मूलनिवासी समाज जगाला 'सू' या नावाने परिचित आहेत. हे नाव मात्र त्यांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांच्या शब्दाचे फ्रेंच व्यापाऱ्यांनी केलेले ते संक्षिप्त रूप होय. ते स्वतःला 'ओचेती शाकोविन', अर्थात सात शेकोट्यांचा संघ म्हणवतात. लाकोटा आणि डाकोटा या दोन्ही शब्दांतून मैत्रीचा अर्थ व्यक्त होतो. डाकोटा बोलीतील 'ड'च्या जागी लाकोटा बोलीत 'ल' येतो.

या समाजाचा पाया 'तियोश्पाये' म्हणजे विस्तारित कुटुंब हा आहे. वडिलांचा भाऊ तेथे वडीलच आणि आईची बहीण आईच मानली जाते. प्रार्थनेअखेरच्या 'मिताकुये ओयासिन' या शब्दांचा अर्थ 'माझे सर्व आप्त' असा असून त्यांत पशू, वनस्पती आणि भूमी यांचाही समावेश होतो.

एके काळी अन्न, वस्त्र आणि तंबू या साऱ्यांसाठी हे लोक बायसन या गव्यासारख्या प्राण्यावर अवलंबून होते. त्याच्या कातड्यावर ते इतिहासही नोंदवीत. एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंतच्या वर्षाचे एकच चित्र, अशी ती पद्धत होती. १८३३च्या नोव्हेंबरमधील उल्कावर्षावाचे चित्र अशा अनेक नोंदींत आढळत असल्याने इतर वर्षांचा क्रम जुळविणे अभ्यासकांना शक्य झाले.

१८६८च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्स या पवित्र टेकड्या लाकोटांकडे राहिल्या. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये सरकारने त्या ताब्यात घेतल्या. १८८३ पासून सूर्यनृत्यासारख्या विधींवरही बंदी आली. ब्लॅक हिल्सबद्दल व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक भरपाई देय असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. मात्र भूमी विक्रीस नव्हतीच, असे सांगून लाकोटांनी ही रक्कम नाकारली. सरकारी खात्यात ती व्याजाने वाढून १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. लाकोटांची पाइन रिज ही वसाहत देशातील अत्यंत गरीब भागांत मोडते, हे लक्षात घेतल्यास या नकाराचे मोल कळते.

याच टेकड्यांत १९२७ ते १९४१ या काळात माउंट रशमोरवर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरण्यात आले. तेथील सर्वोच्च शिखराला मात्र १८५५ मध्ये लाकोटांवर हल्ला करणाऱ्या जनरल हार्नी यांचे नाव होते. २०१६ मध्ये ते बदलून लाकोटा साधुपुरुष ब्लॅक एल्क यांचे नाव देण्यात आले.