अभिकल्पित प्रथिनांची विदागारे

अभिकल्पित प्रथिनांची विदागारे म्हणजे मानवाने हेतुपुरस्सर बदललेल्या अथवा संपूर्णपणे नव्याने रचलेल्या प्रथिनांची माहिती पद्धतशीरपणे साठवणारे संगणकीय संग्रह होत. अशा विदागारातील नोंदीत सामान्यतः प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम, मूळ नैसर्गिक प्रथिनाशी असलेला त्याचा फरक, त्रिमितीय रचना, प्रयोगाने मोजलेले गुणधर्म आणि मूळ शोधनिबंधाचा निर्देश असतो. औषधनिर्मिती, रोगनिदान, पेशीजीवशास्त्र आणि औद्योगिक विकरांचे संशोधन या क्षेत्रांत त्यांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्यातील २० प्रकारच्या अमिनो आम्लांचा क्रम बदलला की तिची घडी आणि पर्यायाने तिचे कार्य बदलू शकते. इन्सुलिन हे याचे परिचित उदाहरण आहे. जनुक-तंत्रज्ञानाने जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्याच्या क्रमात बदल करण्यात आले. १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या इन्सुलिन लिस्प्रोमध्ये बी-साखळीतील २८ व्या व २९ व्या स्थानांवरील प्रोलीन आणि लायसीन यांची अदलाबदल केलेली आहे. त्यामुळे इन्सुलिनचे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून राहत नाहीत आणि औषध लवकर परिणाम करते. याउलट इन्सुलिन ग्लार्जिनमध्ये ए-साखळीच्या २१ व्या स्थानी ग्लायसीन बसवून बी-साखळीच्या टोकाला दोन आर्जिनीन जोडलेले असतात. ते त्वचेखाली कमी विरघळते आणि सावकाश रक्तात उतरते. एका-दोन अमिनो आम्लांच्या फरकाने रुग्णाच्या औषधाची वेळ बदलते; म्हणूनच असा प्रत्येक बदल अचूक नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते.

प्रथिनांत बदल करण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत रचनेचा अभ्यास करून ठरावीक स्थानी बदल केला जातो. दुसऱ्या पद्धतीत यादृच्छिक उत्परिवर्तने घडवून त्यांतून इष्ट गुणधर्माचे प्रथिन निवडले जाते. या 'निर्देशित उत्क्रांती'साठी फ्रान्सेस आर्नल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिसऱ्या पद्धतीत निसर्गात नसलेले प्रथिन संगणकाच्या साहाय्याने मुळापासून रचले जाते. डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले ९३ अमिनो आम्लांचे 'टॉप७' हे निसर्गात न आढळणारी घडी असलेले प्रथिन या पद्धतीतील महत्त्वाचा टप्पा मानले जाते. बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

स्वतंत्र विदागारांची गरज

प्रथिनांच्या क्रमांचा सर्वपरिचित संग्रह 'युनिप्रॉट' हा प्रामुख्याने नैसर्गिक प्रथिनांसाठी आहे. कृत्रिम क्रम त्यात सहसा समाविष्ट केले जात नाहीत. निसर्गातील प्रथिनाला विशिष्ट सजीव व जनुक यांचा आधार असतो. अभिकल्पित प्रथिनाला तसा आधार नसतो. ते कोणत्या प्रथिनापासून व कोणत्या बदलांनी तयार झाले, ही वंशावळ हीच त्याची ओळख असते. ती नोंदवण्यासाठी विषयवार विदागारे निर्माण झाली.

प्रमुख विदागारे

प्रोटीन डेटा बँक : हे विदागार १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांसह सुरू झाले. आज त्यात २ लाखांहून अधिक रचना आहेत. २००३ पासून अमेरिका, युरोप व जपान येथील संस्थांनी स्थापलेली जागतिक संघटना त्याचे व्यवस्थापन पाहते. ते केवळ अभिकल्पित प्रथिनांसाठी नाही. तथापि प्रयोगाने रचना निश्चित झालेली अनेक अभिकल्पित प्रथिने त्यात आहेत. 'टॉप७'ची रचना तेथे '१क्यूवायएस' या संकेताने नोंदलेली आहे. निव्वळ संगणकीय प्रतिमाने २००६ पासून येथे स्वीकारली जात नाहीत.

एफपीबेस : हे प्रतिदीप्त प्रथिनांचे विदागार आहे. यांपैकी अनेक प्रथिनांचा उगम 'एक्वोरिया व्हिक्टोरिया' या जेलीफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनात आहे. ते ओसामू शिमोमुरा यांनी शोधले. मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांच्यासह त्यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ प्रथिनातील ६५ व्या स्थानचे सेरीन बदलून थ्रिओनीन केल्यावर ते अधिक तेजस्वी झाले. त्यानंतर निरनिराळ्या रंगांची अनेक रूपे तयार करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफपीबेसमध्ये प्रत्येक रूपाची वंशावळ, वर्णपट आणि तेजस्विता पाहता येते. अभ्यासक त्यात स्वतः भर घालू शकतात.

थेरा-सॅबडॅब : ऑक्सफर्ड विद्यापीठातील हे विदागार औषध म्हणून विकसित होणाऱ्या प्रतिपिंडांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटना नव्या औषधाला आंतरराष्ट्रीय सामान्य नाव देताना त्याचा अमिनो आम्ल क्रमही प्रसिद्ध करते. या याद्यांतील क्रम गोळा करून, ज्ञात रचनांशी त्यांची जुळणी करून येथे मांडले जातात. एरवी कंपन्यांच्या दप्तरात राहू शकणारी माहिती अशा रीतीने सार्वजनिक होते.

टीएचपीडीबी : चंदीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले हे भारतीय विदागार आहे. त्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेल्या २३९ औषधी पेप्टाइड व प्रथिनांची माहिती संकलित केलेली होती.

प्रोथर्मडीबी : उत्परिवर्तनामुळे प्रथिनाच्या स्थैर्यात होणाऱ्या बदलांचे हे विदागार मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोथर्म' या जुन्या विदागाराची ही सुधारित आवृत्ती आहे. प्रथिन कोणत्या तापमानाला उलगडते, यांसारखी मोजमापे त्यात आढळतात.

उपयोग

नवे प्रथिन रचण्यापूर्वी पूर्वी कोणते बदल यशस्वी झाले, हे विदागारातून पाहता येते व प्रयोगांची पुनरावृत्ती टळते. संगणकीय प्रणालींना प्रशिक्षण देण्यासाठीही या नोंदी वापरल्या जातात. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणारी 'अल्फाफोल्ड' ही प्रणाली प्रोटीन डेटा बँकेतील रचनांवर शिकवलेली आहे. अनेक दशके खुल्या ठेवलेल्या नोंदींवाचून ती घडली नसती. वैद्यकातील उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकाने अभिकल्पित केलेल्या प्रथिन-कणांवर आधारलेली कोविड-१९ ची लस. तिला २०२२ मध्ये दक्षिण कोरियात मान्यता मिळाली.

मर्यादा

विदागाराची विश्वसनीयता त्यातील नोंदींवर अवलंबून असते. जुन्या 'प्रोथर्म'मधील काही नोंदींत मूळ शोधनिबंधाशी न जुळणारी मूल्ये आणि धन-ऋण चिन्हांची उलटापालट नंतरच्या अभ्यासकांना आढळली. चिन्ह उलटले की स्थैर्य वाढवणारा बदल ते घटवणारा ठरतो आणि त्यावर शिकलेली संगणकीय प्रणालीही चुकीचे भाकीत करते. फसलेले प्रयोग सहसा प्रसिद्ध होत नसल्याने विदागारांत यशस्वी उदाहरणांचे प्रमाण अधिक असते. वेगवेगळ्या आम्लतेला किंवा तापमानाला केलेल्या मोजमापांची सरळ तुलनाही करता येत नाही. शिवाय अनेक विदागारे अल्पकालीन संशोधन-निधीवर चालतात; निधी संपल्यावर ती अद्ययावत राहत नाहीत.

सुरक्षितता व खुलेपणा

हानिकारक प्रथिने रचण्यासाठी या माहितीचा दुरुपयोग होऊ शकतो, अशी चिंता व्यक्त केली जाते. मार्च २०२४ मध्ये प्रथिन-अभिकल्पनातील अनेक शास्त्रज्ञांनी स्वेच्छेने एक बांधिलकी जाहीर केली. मागणी आलेल्या क्रमांची धोक्याच्या दृष्टीने छाननी करणाऱ्या पुरवठादारांकडूनच कृत्रिम डीएनए घेण्याचे त्यांनी मान्य केले. अभिकल्पित प्रथिन प्रत्यक्षात बनवण्यासाठी त्याचे जनुक तयार करावे लागते. म्हणून ही छाननी माहिती आणि पदार्थ यांच्यामधील महत्त्वाची चौकी ठरते. माहिती खुली ठेवल्याने लहान प्रयोगशाळांना व विकसनशील देशांतील अभ्यासकांना समान संधी मिळते, तर तिच्या वापरावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही वाढते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा या क्षेत्रापुढील प्रमुख प्रश्न आहे.

हे सुद्धा पहा

प्रथिन
अमिनो आम्ल
इन्सुलिन
जैवमाहितीशास्त्र
प्रतिपिंड