भेसज्जक्खंधकातील लेप आणि मलमे : करुणा व मर्यादा

विनयपिटक म्हणजे केवळ भिक्खूंच्या आचारनियमांचा संग्रह, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्यातील महावग्गाचा सहावा खंधक, भेसज्जक्खंधक, हा प्राचीन भारतातील औषधोपचाराच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. त्वचेवर लावावयाच्या औषधांविषयीचे नियम त्यात कसे घडत गेले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आयुष्मान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना मोठ्या खरजेचा विकार जडला होता. अंगातून वाहणाऱ्या स्रावाने त्यांची चीवरे शरीराला चिकटत. भिक्खू ती पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. विहारातून फिरताना तथागतांनी हे दृश्य पाहिले, विचारपूस केली आणि खाज, पुटकुळ्या, स्राव, खरूज किंवा शरीराची दुर्गंधी असणाऱ्यांना औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. चूर्णासाठी खल व मुसळ लागले, पुढे चाळणी लागली. त्यांचीही अनुज्ञा मिळाली. निरोगी भिक्खूंसाठी मात्र शेण, माती आणि शिजवलेला रंग एवढेच सांगितले. रोग्यास एक व निरोग्यास दुसरे, हा भेद येथे प्रथमपासून स्पष्ट आहे.

या खंधकात हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा ही मुळे. कडुलिंब, कुडा व पडवळ यांचे काढे व पाने. हिरडा, बेहडा, आवळा ही फळे येतात. ही मुळे, पाने व फळे जन्मभर जवळ ठेवता येत. परंतु कारण असेल तरच त्यांचा उपयोग करावा, विनाकारण सेवन केल्यास दुक्कट आपत्ती, असा दंडक होता. तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांचा साठा तर सात दिवसांपलीकडे करता येत नसे.

प्रमाणाविषयीचा प्रसंग विशेष बोलका आहे. पिलिंदवच्छ यांच्या वातविकारावर वैद्यांनी तेल कढविण्यास सांगितले व त्यात मद्य घालण्याची अनुज्ञा मिळाली. मग छब्बग्गिय भिक्खू भरमसाट मद्य घालून ते तेल पिऊ लागले. तेव्हा ज्यात मद्याचा रंग, गंध व चव जाणवत नाही तेच तेल प्यावे असा नियम झाला. जादा मद्य पडलेले तेल फेकून न देता अंगाला चोळण्यासाठी राखावे, असे ठरले. पोटात घ्यावयाचे औषध व बाहेरून लावावयाचे औषध यांतील फरक इतक्या नेमकेपणाने त्या काळी नोंदला गेला. अंजनाच्या डब्या काही भिक्खूंनी सोन्यारुप्याच्या केल्या, तेव्हा लोकांनी टीका केली. त्या हाड, शिंग, बांबू, लाकूड, शंख अशा वस्तूंच्या असाव्यात असे ठरले.

या साऱ्या नियमांत मंत्र, ताईत किंवा नवस यांना स्थान नाही. अडचण दिसली, उपाय योजला, गैरवापर झाला, नियम सुधारला. असा हा अनुभवाचा मार्ग आहे. आणि त्याच्या मुळाशी स्पर्श आहे. ज्या देशात माणसाचा स्पर्श विटाळ मानला गेला, त्याच देशात स्रावाने माखलेले चीवर हातांनी सोडविणारा संघ होता. महावग्गातच अतिसाराने पीडित भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदांसह स्नान घातल्याची कथा आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिला स्थान दिले, हे अर्थपूर्ण आहे.

मात्र या प्राचीन उपायांचे आज आंधळे अनुकरण करणे, हे त्याच दृष्टीशी विसंगत होईल. जखमेवर शेण लावल्यास धनुर्वात होऊ शकतो, हे आज ज्ञात आहे. त्या काळी जखमेवर मोहरीची पूड टाकीत व वाढलेले मांस मिठाच्या खड्याने कापीत. आज तसे करू नये. वनस्पतीचे औषध अपाय करीत नाही हा समज खोटा आहे; बिब्बा उतल्यावर कातडी कशी भाजून निघते, हे आपल्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. म्हणून कोणताही नवा लेप प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडासा लावून एक-दोन दिवस पाहावा. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ व तान्ह्या मुलांच्या अंगावर वैद्यकीय सल्ल्याशिवाय काही लावू नये. घटक न लिहिलेली मलमे टाळावीत, कारण वनौषधी म्हणून विकलेल्या काही मलमांत स्टेरॉइड व पारा सापडलेला आहे. आग, सूज वा पू दिसल्यास लेप धुऊन डॉक्टरांकडे जावे.

आपला रोग जसा आहे तसा शुश्रूषा करणाऱ्यास सांगणे व हितकर गोष्टीतही प्रमाण ओळखणे, हे विनयाने चांगल्या रोग्याचे गुण मानले आहेत. शुश्रूषकाने हित-अहित जाणावे, लाभासाठी सेवा करू नये आणि मलमूत्राची किळस मानू नये, असेही सांगितले आहे. खरजेच्या भीतीने शेजाऱ्याला दूर लोटणारा आणि जाहिरात पाहून कोणतेही मलम फासणारा, असे दोघेही या शिकवणीपासून सारखेच दूर आहेत.