न्यू वृंदावनच्या गृहस्थांचं पोट कशावर चालायचं?

एखादं गाव ‘स्वावलंबी’ होतं असं पुस्तकात वाचलं की लगेच विचारा, मीठ, डिझेल आणि औषधं आणायला रोख पैसा कुठून यायचा? एमएस्सीला आम्ही कुठल्याही प्रक्रियेचा हिशेब मांडण्याआधी तिच्याभोवती एक रेषा आखायचो. मग आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, ते लिहायचं. इतिहास वाचायला लागल्यावर ही सवय मला भलतीच कामाला आली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या न्यू वृंदावनभोवती आज अशीच रेषा आखून बघू.

हरे कृष्ण चळवळ, म्हणजे इस्कॉन, १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, कीर्तनानंद आणि हयग्रीव या दोन शिष्यांनी डोंगराळ भागातली शंभराहून थोडी अधिक एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली. जायला कच्चा रस्ता, वीज नाही. संस्थापक प्रभुपाद यांच्या त्या काळच्या पत्रांमधली कल्पना साधी होती: गायी पाळा, धान्य पिकवा, गरजा कमी ठेवा, उरलेला वेळ भजनाला द्या. गृहस्थांनी तिथे कुटुंबासह राहावं, हेही त्यात गृहीत होतं.

आता गायीचं गणित करा. इथे जनावर कत्तलीला द्यायचं नाही हा मूळ नियम. दूध हवं तर गाय व्यायला हवी, आणि होणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मे गोऱ्हे. शेजारचा अमेरिकन दूध उत्पादक ते विकून मोकळा होतो, भाकड गायही विकतो. इथे तसं नाही. गोऱ्ह्याचा बैल करून त्याला कामाला जुंपला तरच त्याचा चारा निघतो. पण नांगरायला सपाट रान कमी, हिवाळा कडक, कित्येक महिने साठवलेलं गवत घालायचं, आणि दारात ट्रॅक्टर उभा असताना बैल वळवायला शिकणार कोण? म्हणजे थोड्या दुभत्या गायींच्या दुधावर सगळा गोठा पोसायचा. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे दोन मिनिटांत कळेल. कळप पुढे शेकड्यांत गेला, म्हणजे हा खर्च कोणीतरी भरत होतं हे नक्की.

तो भरला जायचा रेषेच्या बाहेरून. सत्तरच्या दशकात इस्कॉनचा मुख्य रोख पैसा रस्त्यावर आणि विमानतळांवर पुस्तकं वाटून, देणग्या मागून यायचा. न्यू वृंदावनची माणसंही गाड्या भरून शहरोशहरी जायची. पैसा संस्थेत जमा व्हायचा. राहणं, जेवण संस्थेकडून. पगार नाही, जमीन स्वतःच्या नावावर नाही. ब्रह्मचाऱ्याला हे चालून जातं. पण दोन मुलांच्या आईबापांनी काय करायचं?

पुस्तकांचा खप सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घसरला. मग इतर वस्तू विकणं सुरू झालं. न्यू वृंदावनमध्ये तर खेळांच्या संघांची बोधचिन्हं परवानगीशिवाय छापून टोप्या आणि स्टिकर विकले गेले. १९७९ मध्ये खुला झालेला सोन्याचा राजवाडा भक्तांनी विनामोबदला श्रमाने बांधला होता. संगमरवर कापणं, रंगीत काच बसवणं लोक तिथेच शिकले. पर्यटक आले, पैसा आला, पण शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न जागच्या जागी. १९८७ मध्ये कीर्तनानंदला इस्कॉनने काढलं. बोधचिन्हांचं प्रकरणही ज्यात होतं त्या खटल्यात त्याने १९९६ मध्ये गुन्हा कबूल केला. या गुन्हेगारी कथेवर भरपूर लिहिलं गेलंय आणि ती वाचायला चटकदार आहे, पण त्यामुळे गृहस्थांचा हिशेब मागे पडतो.

तो हिशेब मांडणारा अभ्यासक म्हणजे समाजशास्त्रज्ञ ई. बर्क रॉचफर्ड. १९८५ आणि २००७ च्या त्याच्या दोन पुस्तकांमध्ये दिसतं, की सामूहिक तिजोरी रिकामी झाल्यावर गृहस्थ बाहेर नोकऱ्या शोधायला लागले आणि चळवळीचं केंद्र आश्रमातून घराकडे सरकलं. १९९८ मध्ये इस्कॉनच्याच नियतकालिकात आलेला त्याचा लेख वाचताना मात्र थांबावं लागतं. आईबाप निधी गोळा करायला मोकळे राहावेत म्हणून मुलं निवासी गुरुकुलांत ठेवली जायची, आणि तिथे अनेक मुलांवर अत्याचार झाले. उपजीविकेची व्यवस्था नसण्याची किंमत मुलांनीही मोजली. हा धागा पकडल्याशिवाय ‘शेती फसली’ असं लिहून मोकळं होऊ नका.

माझ्या मते शेती फसली हे निदानच अपुरं आहे. उत्पादन किती हे विचारतात, पण वीस वर्षं राबून माणूस बाहेर पडला तर त्याच्या हातात काय, हे कोणी विचारत नाही. इथे उत्तर ‘काही नाही’ असं येतं. आपल्याकडे वारकरी स्वतःचं शेत आणि संसार ठेवून वारीला जातो, म्हणून हा प्रश्न आपल्याला पटकन सुचतही नाही. न्यू वृंदावनमध्ये भक्ती आणि भाकरी एकाच तिजोरीत होत्या.

१९९८ मध्ये न्यू वृंदावन इस्कॉनमध्ये परतलं. पुढे त्या जमिनीखालच्या नैसर्गिक वायूसाठी कंपन्यांशी करार झाले. त्या पैशातला काही गोठ्यापर्यंत पोचला. रेषा पुन्हा आखायची तर आता ती जमिनीच्या खालूनही आखावी लागेल.