चिनी भिंत : गोष्ठ पाल

१९११ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, ही गोष्ट फुटबॉलचे शौकीन विसरलेले नाहींत. पण तीच शील्ड त्या संघाला पुन्हां मिळावयास १९४७ साल उजाडावें लागलें. या संघाच्या सर्वांत विख्यात बॅकची सारी कारकीर्द नेमकी या मधल्या कोरड्या काळांत पडते, हें नवल होय.

गोष्ठबिहारी पाल यांचा जन्म १८९६ सालीं पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यांत भोजेश्वर येथें झाला. (मराठी 'गोठा' हा या 'गोष्ठा'चाच वंशज, गोष्ठबिहारी म्हणजे गोठ्यांत विहार करणारा श्रीकृष्ण.) १९१३ च्या सुमारास ते मोहन बागानकडून खेळूं लागले, ते १९३५ पर्यंत. १९२१ पासून १९२६ पर्यंत संघाचें नायकपद त्यांच्याकडे होतें.

त्या काळीं आघाडीस पांच, मध्यें तीन आणि गोलकीपरच्या पुढें अवघे दोन बॅक उभे रहात. प्रतिपक्षाचे पांच गडी चालून आले कीं सारा भार या दोघांवर. त्यांतून समोरचे गोरे सोल्जर जड बूट घालून खेळणारे, आणि गोष्ठबाबू अनवाणी! त्या बुटांपुढें उघडें पाऊल टाकावयाचें, तेंहि एकदोन सामने नव्हे, बावीस वर्षें. कोरड्या जमिनीवर अनवाणी पाय चपळ असतो. परंतु कलकत्त्याचा हंगाम ऐन पावसाळ्यांतला, आणि चिखलांत तोच पाय घसरतो. १९२३ सालीं शील्डच्या अंतिम सामन्यांत कॅलकटा क्लबनें मोहन बागानला ३-० असें हरविलें, तें ओल्या मैदानावरच.

त्याच वर्षीं गोष्ठबाबूंचा संघ मुंबईस येऊन रोव्हर्स कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीनें त्यास ४-१ असें हरविलें खरें. पण तोंवर ही स्पर्धा म्हणजे पलटणींचें वतनच होतें. हिंदी संघाच्या हातीं तो चषक १९३७ सालीं प्रथम आला, तो बंगलोर मुस्लिम्सच्या.

कलकत्ता लीगमध्यें तर १९२५ पर्यंत पहिल्या वर्गांत दोनच हिंदी संघांना जागा असे. ती लीग मोहन बागाननें प्रथम जिंकली १९३९ सालीं, गोष्ठबाबू निवृत्त झाल्यावर चार वर्षांनीं. म्हणजे शील्डहि नाहीं आणि लीगहि नाहीं! मग लोकांनीं त्यांना 'चिनी भिंत' म्हटलें तें कशावरून? गोल करणाराचें नांव दुसऱ्या दिवशीं छापून येतें. न झालेल्या गोलाची नोंद कोण ठेवतो? ती मैदानाभोवतीं उभ्या राहिलेल्या माणसांनीं ठेविली.

१९३३ सालीं सिंहलद्वीपास गेलेल्या हिंदी संघाचे नायक तेच होते. १९६२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. फुटबॉलपटूस मिळालेला हा पहिलाच असा मान. १९७६ सालीं ते निवर्तले. कलकत्त्याच्या मैदानांतील एका रस्त्याला आतां त्यांचें नांव आहे.