कयामतीच्या उंबरठ्यावरची मुले

सोलापूरच्या आमच्या जुन्या घरी मगरिबची नमाज झाली की नानी ओट्यावर येऊन बसायची आणि आम्ही मुले तिच्याभोवती गोळा व्हायचो. ती कयामतीच्या निशाण्या सांगायची. सूर्य मावळतीकडून उगवेल, डोंगर पिंजलेल्या लोकरीसारखे उडतील, आईला तान्ह्या लेकराची शुद्ध राहणार नाही. आम्ही भीतीने एकमेकांना बिलगायचो. एकदा माझ्या मामेबहिणीने विचारले, "नानी, तब हम बच्चे क्या करना?" नानी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हात में का काम पूरा करना, बेटी."

मोठेपणी ग्रंथालयात बसून कुमारांसाठी लिहिलेल्या विज्ञानकादंबऱ्या वाचू लागलो तेव्हा या प्रश्नाची आठवण झाली. अणुयुद्धाने, साथीने किंवा हवामानाच्या कोपाने मानवजात संपत आली आहे आणि तेरा ते अठरा वर्षांची मुले तो शेवट पाहत आहेत, असे कथानक असलेल्या साहित्याची एक स्वतंत्र शाखाच विसाव्या शतकात उभी राहिली. तिच्याकडे मनोरंजन म्हणून पाहणे सोपे आहे. मात्र तिचा इतिहास तपासला तर असे दिसते, की मोठ्यांनी आपली अमानत सांभाळली नाही अशी शंका जेव्हा जेव्हा बळावली, तेव्हा तेव्हा अशी पुस्तके लिहिली गेली.

बेटावरचा कामिल

या कथेचे एक दूरचे मूळ आपल्या परिचयाच्या परंपरेत सापडते. दमास्कसजवळ जन्मलेले आणि १२८८ मध्ये कैरोत वारलेले इब्न अल-नफीस हे फुप्फुसातील रक्ताभिसरणाचे अचूक वर्णन करणारे हकीम म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी 'अर-रिसाला अल-कामिलिया' नावाची एक कथाही लिहिली. मॅक्स मायरहॉफ आणि जोसेफ शाख्त या अभ्यासकांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९६८ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला आणि तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

कथेचा नायक कामिल एका निर्जन बेटावर, गुहेत आपोआप घडलेल्या मातीतून जन्माला येतो. बाहेर येतो तो तान्हे मूल म्हणून नव्हे, तर जाणत्या पोराच्या वयात. पाहून, ऐकून, चाखून तो सृष्टी समजून घेतो. पुढे बेटाला एक जहाज लागते, तेव्हा माणसांच्या सहवासाशिवाय माणूस पुरा होत नाही हे त्याला कळते. याआधी बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैल यांनी 'हय्य इब्न यक्जान' लिहिली होती. तिचा नायक अखेर एकांतात परततो. इब्न अल-नफीसांचा कामिल मात्र समाजात जातो आणि जगाचा शेवट कसा होईल याचाही विचार बुद्धीच्या आधारे करतो.

सूर्याच्या मार्गाचा कल हळूहळू कमी होत जाईल, ऋतू मोडतील, काही प्रदेश असह्य तापतील तर काही गोठतील, माणसांचे स्वभाव बिघडतील आणि लढाया माजतील, असा त्याचा तर्क आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल आज खरोखरच कमी होत आहे. तो शून्यावर मात्र जाणार नाही. सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात तो साधारण २२ ते साडेचोवीस अंशांदरम्यान हलत राहतो. हकीमसाहेबांचा निष्कर्ष चुकला, पण आकाशातील कारण आणि माणसाचा नाश यांची सांगड घालण्याची त्यांची रीत विज्ञानकथेचीच आहे. म्हणून काही अभ्यासक या रिसालाला विज्ञानकथेची पूर्वज म्हणतात. आजचे लेबल तेराव्या शतकावर चिकटवताना सावध राहायला हवे, हेही तितकेच खरे.

ही कथा कोणत्या काळात लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले होते. १२६० मध्ये ऐन जालूतच्या लढाईत ममलूकांनी त्यांना रोखले. इब्न अल-नफीसांच्या पिढीने एक जग बुडताना पाहिले होते. त्यांच्यासाठी शेवट ही नुसती कल्पना नव्हती.

उन्हाळा हरवलेले वर्ष

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याने आकाशात उडवलेल्या गंधकयुक्त कणांनी ऊन अडवले आणि १८१६ या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. त्या काळ्या जून महिन्यात जिनिव्हा सरोवराकाठी एका अठरा वर्षांच्या मुलीने कथा लिहायला घेतली. ती मेरी शेली आणि ती कथा म्हणजे १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'फ्रँकेन्स्टाइन'. आधुनिक विज्ञानकथेची सुरुवात अनेक जण जिच्यापासून धरतात, ती कादंबरी सुरू झाली तेव्हा तिची लेखिका स्वतःच किशोरी होती!

१८२६ मध्ये मेरीने 'द लास्ट मॅन' लिहिली. मधल्या दहा वर्षांत तिने मुले गमावली होती, नवरा समुद्रात बुडाला होता. या कादंबरीत एकविसाव्या शतकाच्या अखेरीस एक साथ मानवजात संपवते. ती साथ पूर्वेकडून पश्चिमेला येते. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोरच्या परिसरात उसळलेला कॉलरा तेव्हा जगभर पसरू लागलाच होता. या तपशिलाकडे पुन्हा यावे लागेल.

मुलांचा प्रश्न

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, त्या सकाळी शहरातील हजारो शाळकरी मुले रस्त्यांवर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर त्यांना नेमले होते. त्यांतली सुमारे सहा हजार मुले मारली गेली. मानवजात स्वतःच्या हाताने संपू शकते, हे त्या दिवसानंतर कथेपुरते राहिले नाही. मुले मरतात ती मोठ्यांनी नेमून दिलेल्या जागी, हेही दिसले.

अमेरिकेतील पत्रकार रॉबर्ट लेस्ली कॉनली हे 'रॉबर्ट सी. ओब्रायन' या नावाने मुलांसाठी लिहीत. १९७३ मध्ये ते वारले तेव्हा एक कादंबरी अपुरी होती. त्यांच्या टिपणांवरून पत्नी आणि मुलीने ती पूर्ण केली. ती 'झेड फॉर झकारिया'. अणुयुद्धानंतर एका खोऱ्यात ॲन ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एकटी उरली आहे. ती शेती करते, गाय सांभाळते, रोजनिशी लिहिते. एके दिवशी किरणोत्सारापासून वाचवणारा पोशाख घालून एक शास्त्रज्ञ तिथे येतो. ती त्याला आजारपणात वाचवते. बरा होताच तो खोऱ्याचा, बियाण्याचा आणि शेवटी तिचाही मालक होऊ पाहतो. ज्या वृत्तीने जग संपवले, तीच वृत्ती वाचलेल्या माणसाबरोबर खोऱ्यात शिरते. ॲन अखेर तो पोशाख घेऊन, दुसरी माणसे शोधायला निघून जाते.

लहानपणी बायबलमधील नावांवरून अक्षरे शिकताना ॲनने पहिले नाव आदम आणि शेवटचे झकारिया वाचलेले असते. आदम पहिला माणूस, तर झकारिया शेवटचा असणार, असा तिचा बालसमज. आपल्याला हजरत जकरिया माहीत आहेत ते वेगळ्या कारणाने. म्हातारपणी, आशा सुटण्याच्या वयात ते अल्लाहकडे मूल मागतात आणि त्यांना याह्या मिळतो. एकाच नावात एकीकडे शेवट आहे आणि दुसरीकडे नवी पिढी.

१९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत गुद्रुन पाउझेवांग यांची 'शेवेनबोर्नची शेवटची मुले' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आली. पाउझेवांग १९२८ मध्ये बोहेमियात जन्मल्या. त्यांचे वडील युद्धात मारले गेले आणि १९४५ मध्ये कुटुंबाला घरदार सोडून पळावे लागले. पुढे त्या शिक्षिका झाल्या. नाटोने डिसेंबर १९७९ मध्ये युरोपात नवी अण्वस्त्र क्षेपणास्त्रे ठेवण्याचा निर्णय घेतला होता. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनमध्ये सुमारे तीन लाख लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या वातावरणात ही कादंबरी लिहिली गेली. तिचा निवेदक रोलांड जेमतेम तेरा वर्षांचा. सुटीत आजोळी निघालेल्या या कुटुंबाच्या वाटेतच बॉम्ब पडतो. पुढे भूक, साथरोग आणि किरणोत्साराचा आजार. पाय गमावलेला एक मुलगा कोळशाने भिंतीवर आईबापांना शाप लिहून ठेवतो. वाचलेल्या मुलांसाठी रोलांडचे वडील शाळा सुरू करतात, तेव्हा मुलांच्या नजरेत एकच प्रश्न असतो : हे घडू नये म्हणून तुम्ही काय केलेत?

पुस्तक मुलांना फार घाबरवते, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण आक्षेप घेणाऱ्यांनी आधी त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला नको होते का?

मानवजात म्हणजे कोण?

एक गोष्ट मात्र खटकते. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ख्रिस्तोफर यांची 'एम्प्टी वर्ल्ड' ही किशोरकादंबरी आली. त्यात एका साथीने मोठी माणसे झपाट्याने म्हातारी होऊन मरतात आणि मोजकी कुमारवयीन मुले उरतात. त्या साथीचे नाव 'कलकत्ता प्लेग'. मेरी शेलीची साथ पूर्वेकडून आली, दीडशे वर्षांनंतरही ती पूर्वेकडूनच आली. कोलकात्याने आपले नाव रोगाला दिले, पण तिथल्या पंधरा वर्षांच्या पोरापोरींचे काय झाले, ते पुस्तक सांगत नाही. लंडन ओस पडले की जग ओस पडले, असा तो हिशेब.

मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांनी हा हिशेब बदलला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या 'हिमप्रलय' कथेत मुंबईत बर्फ पडते. ते बघून पहिल्यांदा हरखतात ती मुलेच. संकट कळते, उपाय शोधतो तो भारतीय शास्त्रज्ञ. शेवट आपल्या अंगणात येऊ शकतो आणि तो रोखणाराही आपल्यातला असू शकतो, हे मराठी मुलांना नारळीकरांनी दाखवले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या कथांत मोठी माणसे मुलांना वाऱ्यावर सोडत नाहीत, हा दिलासा आहे. पण मोठ्यांना जाब विचारणारी रोलांडसारखी मुलेही तिथे फारशी भेटत नाहीत.

तो जाब विचारण्याचे कारण आपल्याकडे नव्हते असे थोडेच आहे? मे १९९८ मध्ये पोखरणला आणि चगाईला अणुचाचण्या झाल्या, तेव्हा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मिठाई वाटली गेली. २००७ मध्ये काही अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब पडले तर जळत्या शहरांच्या धुराने साऱ्या पृथ्वीवरचे ऊन कमी होईल. तांबोराने केले तेच, पण कित्येक वर्षांसाठी. २०२२ मधील एका अभ्यासानुसार भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतरच्या उपासमारीने जगभर दोन अब्जांहून अधिक माणसे मरू शकतात. मिठाई खाल्लेल्या मुलांना हे कोणी सांगितले?

दुसरे असे, की ज्या मुलांचे जग एकदा संपलेले आहे, त्यांची कथा या शाखेत जवळजवळ नाहीच. १९८४ मधील भिवंडीत किंवा १९९२-९३ मधील मुंबईत ज्या पोराचे घर जळाले, त्याला 'सगळे संपल्यावर माणूस कसा जगतो' हे कल्पनेने रंगवावे लागणार नाही. पाउझेवांगना ते विस्थापनातून कळले होते, इब्न अल-नफीसांना बगदादच्या बातमीतून. आपल्या मोहल्ल्यातील मुलगी जेव्हा विज्ञानकथा लिहील, तेव्हा तिच्या मुंबईतील बर्फ पत्र्याच्या झोपडीवर पडेल. शेगडी कोणाकडे आहे, रॉकेल कोणाकडे आहे, कोणाच्या दारावर थाप मारता येते, हे तिला नीट माहीत असेल. ती कथा केवळ मुसलमानांची नसेल. मानवजात या शब्दात आजवर जे मोजले गेले नाहीत, त्यांना ती मोजून घेईल.

त्यासाठी आपण मुलांच्या हाती विज्ञानाचे पुस्तक द्यायला हवे आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्यायला हवेत. 'कयामत आली आहे, आता काय उपयोग' असे म्हणून हात झटकण्याची परवानगी आपल्याला नाही. कयामतीची घडी आली आणि कोणाच्या हातात रोप असेल, तर जमल्यास त्याने ते लावूनच टाकावे, या अर्थाची हदीस आहे. नानीला तिचा संदर्भ माहीत होता की नाही, कोण जाणे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या संध्याकाळी एका लहान मुलीच्या प्रश्नाला तिने बगल दिली नव्हती.